बटण, शिक्का की आकडा? कोल्हापूरकरांनी मत कसं द्यायचं

कागल किंवा शिरोळ तालुक्यातला एखादा पदवीधर ऊस उत्पादक पाच-सहा वर्षांत चार तऱ्हांनी मत देतो. लोकसभा-विधानसभेला एक बटण, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला मिळून दोन बटणं, कारखान्याला कागदावर फुलीचा शिक्का आणि पुणे पदवीधर मतदारसंघाला उमेदवारापुढे आकडा. एका ठिकाणची सवय दुसऱ्या ठिकाणी नेली की मत बाद होतं. घटनेच्या ५१-अ कलमात जी अकरा कर्तव्यं आहेत त्यांत मतदान नाही, त्यामुळे कुणी जबरदस्ती करत नाही. पण रांगेत तासभर उभं राहून मत बाद करून घेण्यात तरी काय अर्थ?

आधी यादी

ओळखपत्र आहे म्हणजे यादीत नाव आहेच, असं नाही. नाव लागतं ते यादीत, आणि ते मतदानाच्या सकाळी शोधायचं नसतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर, ॲपवर किंवा १९५० ला फोन करून यादीभाग क्रमांक आणि अनुक्रमांक काढून ठेवा. नवीन नावासाठी नमुना ६. पत्ता बदलला असेल किंवा नाव-वयात चूक असेल तर नमुना ८. वयाची अठरा वर्षं मोजायला आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं नाव चढत नाही.

महापालिकेची वेगळी यादी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे फोडतात आणि घोळ नेमका तिथंच होतो: गल्लीच्या या बाजूची घरं एका प्रभागात, समोरची दुसऱ्यात. प्रारूप यादी लागते तेव्हाच हरकत घ्या, नंतर कुणी ऐकत नाही. पाचगाव-उचगावच्या लोकांचं रोजचं येणं-जाणं शहरातच, पण २०२६ च्या महापालिका निवडणुकीत ही गावं हद्दीबाहेरच होती. हद्दवाढीचा वाद आपल्याकडं काही नवा नाही.

घरी आलेली मतदार चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही, ती फक्त केंद्र शोधायला. सोबत मतदार ओळखपत्र न्या. ते सापडत नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, मनरेगा जॉब कार्ड किंवा बँक-पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक चालतं. मोबाईल आत नेता येत नाही.

एक बटण: लोकसभा आणि विधानसभा

पहिल्या टेबलावर ओळख पटवून नाव मोठ्यानं वाचतात, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींना हरकत घ्यायची तर घेता येते. दुसऱ्या टेबलावर डाव्या तर्जनीला शाई, नोंदवहीत सही किंवा अंगठा आणि हातात चिठ्ठी. शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीवर उजेडात काळं पडतं. बोटाला तेल लावून आलात तर कर्मचारी पुसून मगच शाई लावतात. तिसऱ्या टेबलावर चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटचं बटण दाबतात, तेव्हा पडद्याआडच्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो. तो लागण्याआधी निळं बटण दाबून काही होत नाही.

आता उमेदवाराच्या चिन्हासमोरचं निळं बटण नीट, पूर्ण दाबा. शेजारी लाल दिवा लागतो आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेत अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते. मग ती कापून खाली पडते आणि लांब बीप वाजते. काच गडद असते, त्यामुळे थोडं वाकून बघावं लागतं. सात सेकंद पुरेसे आहेत, पण लोक बटण दाबलं की दाराकडं वळतात.

चिठ्ठीवर भलताच उमेदवार दिसला तर तिथंच केंद्राध्यक्षांना सांगा. ते लेखी प्रतिज्ञापत्र घेतात आणि सगळ्यांसमोर चाचणी मत घेतात. तक्रार खोटी निघाली तर गुन्हा आहे, तेव्हा पाहिलंय याची खात्री हवी. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेला असेल तर परत फिरू नका, ‘प्रदत्त मतपत्रिका’ मागा. ती कागदी असते, शिक्का मारून वेगळ्या पाकिटात ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत, पण निकालाला कोर्टात आव्हान मिळालं तर तिचा उपयोग होतो.

चार बटणं: महापालिका

२०१५ पर्यंत एका प्रभागाचा एक नगरसेवक होता. १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत ८१ जागा २० प्रभागांत बसवल्या: १९ प्रभागांत चार-चार, एकात पाच. म्हणजे चार जागांच्या प्रभागात चार मतं द्यायची. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळी, ड फिकट निळी. प्रत्येक जागेच्या उमेदवारांखाली त्या जागेचा वेगळा नोटा (‘यांपैकी कुणीही नाही’चं बटण) असतो.

गफलत इथंच होते. विधानसभेच्या सवयीनं माणूस एक बटण दाबतो आणि बीपची वाट बघत बसतो. चारही जागांवर मत पडेपर्यंत लांब बीप वाजत नाही. एखाद्या जागेला कुणीच पसंत नसेल तर तिथला नोटा दाबा, ती जागा मोकळी सोडू नका. या यंत्राला व्हीव्हीपॅट नसतं, तेव्हा चिठ्ठी शोधत बसू नका.

शिक्का: कारखाना, दूध संघ, बँक

इथं यादी संस्थेच्या सभासदांची. गोकुळसारख्या संघात तर मत गावच्या दूध संस्थेच्या ठरावधारकाचं (संस्थेनं ठराव करून मतासाठी नेमलेल्या माणसाचं), साध्या उत्पादकाचं नाही. मतपत्रिका गटागटाच्या वेगळ्या असतात आणि किती जागा ते तिच्यावर लिहिलेलं असतं. जागेपेक्षा एक जरी शिक्का जास्त पडला तर त्या गटाची मतपत्रिका बाद, बाकीच्या गटांच्या मात्र शाबूत राहतात. कमी शिक्के चालतात. आधी पॅनेलला मारून मग पलीकडच्या पाहुण्यालाही एक द्यायचा, असं करताना मोजणी चुकते. आधी बोटांवर मोजा.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शिक्का नव्हताच. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह, आणि कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. नावांसमोर शिक्का मारणं १९६२ च्या निवडणुकीत रूढ झालं. सहकारात ते अजून चालू आहे. शिक्का पॅडवर हलका टेकवा, उमेदवाराच्या चौकटीच्या आत मारा. दोन चौकटींच्या रेघेवर पडला तर मत कुणाचं ते ठरत नाही. घडी आधी उभी घाला, मग आडवी. उलट केलं तर ओली शाई खालच्या उमेदवारावर उमटते. मूळ फुली आणि आरशातली फुली वेगळी ओळखू येते खरी, पण मोजणीच्या टेबलावर वादाला निमित्त कशाला द्यायचं?

आकडा: पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ

पुणे विभागातले पाचही जिल्हे या मतदारसंघांत येतात. यादी दर निवडणुकीला नव्यानं होते, मागच्या वेळचं नाव आपोआप येत नाही. पदवीधरांसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९. पदवी मिळून १ नोव्हेंबरला तीन वर्षं झालेली हवीत.

मतपत्रिकेवर पहिल्या पसंतीच्या उमेदवारापुढे १ लिहा. २, ३ हवे तर लिहा, नाही लिहिलेत तरी मत वैध. १ नसेल, किंवा दोघांपुढे १ असेल, तर मत बाद. बरोबरची खूण, फुली, ‘एक’ असं अक्षरी लिहिणं, खाली सही करणं, यातलं काहीही चालत नाही, आणि शिक्षकांच्या हातून सही सवयीनं पडते. आकडा केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या पेननंच काढायचा. खिशातलं निळं पेन खिशातच राहू द्या.