इंग्लिश कंट्री हाऊसचं वय ओळखताना या चुका टाळा

कंट्री हाऊस म्हणजे इंग्लंडच्या ग्रामीण भागातला बड्या जमीनदाराचा वाडा. त्याची दर्शनी बाजू बघून साल ठरवणं ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक. पैसा हाती आला की मालक समोरची बाजू नव्या धाटणीची करून घेत आणि मागचं घर तसंच ठेवत. हॅम्पशायरमधल्या 'द व्हाइन' या घराचा स्तंभांचा पोर्टिको (दारापुढचा छत असलेला भाग) वास्तुविशारद जॉन वेबने 1650च्या दशकात जोडला, पण मागचं विटांचं घर ट्यूडर काळातलं (1485–1603) आहे. म्हणून आधी घराच्या मागे जा. दोन काळांची बांधकामं भिडतात तिथे विटांचे थर एकमेकांत न गुंतता वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा दिसतो.

बुजवलेली खिडकी दिसली की 'विंडो टॅक्स (खिडक्यांवरचा कर) चुकवला' असं लगेच म्हटलं जातं. हा कर 1696 ते 1851 होता खरा, पण पुष्कळ खिडक्या समोरची बाजू समतोल दिसावी म्हणून मुळातच बंद बांधलेल्या असतात. आतून बघा: मागे धुराडं किंवा आडवी भिंत असेल, तर तिथे कधी उजेड येणारच नव्हता. भरावाची वीट आणि चुना वेगळा असेल, कडेचे थर तुटलेले असतील, तर ती नंतर बुजवली. तरीही कारण करच असेल असं नाही.

विटेची जाडी उपयोगी पडते, मात्र एकच वीट मोजू नका. सांध्यांसकट चार थरांची उंची तीन-चार ठिकाणी मोजा. ट्यूडर विटा साधारण 50 ते 57 मिमी जाड. 1784मध्ये विटांवर नगावर कर बसला, तेव्हा काही भट्ट्यांनी मोठ्या विटा पाडल्या. जुन्या विटा पुन्हा वापरल्या जात, त्यामुळे निव्वळ मापावर निकाल देऊ नये.

मुख्य दालनं पहिल्या मजल्यावरच असणार, हे गृहीतकही फसतं. डर्बीशायरमधल्या हार्डविक हॉल या घरात (1590–97) ती सर्वांत वर आहेत, म्हणून खिडक्याही वर जाताना उंच होतात. त्याच परगण्यातल्या चॅट्सवर्थ या घराची पुनर्बांधणी 1687पासूनची, तरी तिथली राजेशाही दालनं दुसऱ्या मजल्यावरच राहिली, कारण नवं काम जुन्या एलिझाबेथन (पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या) घराच्या सांगाड्याला धरून झालं.

पावसाच्या नळाच्या शिशाच्या पेटीवरचं साल पेटीचं असतं, घराचं नव्हे. खरा पुरावा माळ्यावर मिळतो. वाशांवर जुनी काजळी असेल, तर खाली एके काळी उघड्या चुलीचा मध्ययुगीन हॉल असण्याची शक्यता मोठी. पण त्याच वाशांवर कशातच न बसणाऱ्या रिकाम्या खोबणी दिसल्या, तर लाकूड दुसऱ्या इमारतीतून आणलेलं असू शकतं.