इन्का ट्रेलला जाताय? आधी दोन रात्री ओयांतायतांबोत काढा

इन्का ट्रेल म्हणजे पेरू देशातल्या माचू पिच्चू या प्राचीन इन्का नगरीपर्यंतचा चार दिवसांचा ट्रेक. तो करणारे बहुतेक जण विमानाने थेट कुस्को शहरात उतरतात. कुस्को आहे सुमारे 3,400 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. डोकं ठणकतं, जेवण जात नाही आणि त्याच अवस्थेत मंडळी ट्रेकला निघतात. त्यापेक्षा विमानतळावरून सरळ खाली ओयांतायतांबो गावी जा, तिथली उंची साधारण 2,800 मीटर. दोन रात्री तिथे झोपा, मग चढा. गंमत म्हणजे माचू पिच्चू स्वतः कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे. दम निघतो तो वाटेतल्या वार्मिवान्युस्का खिंडीत, 4,215 मीटरवर, आणि तीही दुसऱ्याच दिवशी!

सह्याद्रीत दर रविवारी गड चढता म्हणून गाफील राहू नका. पाय तयार असले तरी विरळ हवेची सवय लागायला दिवस जावेच लागतात. खिंडीनंतरच्या उतरणीला दगडी पायऱ्या आहेत, गुडघ्यांची कसोटी तिथेच. काठ्या न्या, टोकांना रबरी टोप्या हव्यातच.

परवाना काही महिने आधी काढा. रोज 500 जणांनाच प्रवेश, त्यात हमाल आणि गाइडही मोजले जातात. परवान्यावर पासपोर्टचा क्रमांक असतो, त्यामुळे पासपोर्टचं नूतनीकरण करायचं असेल तर ते आधी उरका. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते.