खारावलेल्या मळ्यात पुन्हा भेंडी

गोव्यातलं आमचं जुवें (सांत इस्तेव्ह) हे बेट सात शिरांच्या लांब, फिकट हिरव्या भेंडीसाठी ओळखलं जातं. बांधावरच्या मानशीची, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या लाकडी दाराची, फळी कुजली, भरतीचं खारं पाणी आत शिरलं आणि सखल वाफ्यांतली रोपं पानांच्या कडांपासून करपली. इथे खत वाढवून उपयोग नव्हता, आधी पाणी अडवणं गरजेचं होतं.

मानशीचं दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतं. आपल्या पूर्वजांची ही रचना मला आजही थक्क करते. शेजाऱ्यांना घेऊन फळ्या बदलल्या, फटी चिखल आणि पेंढ्याने बुजवल्या. पावसाळ्यात शेतात गोडं पाणी साठू द्यायचं, ते मीठ विरघळवून घेतं, मग ओहोटीला सोडून द्यायचं. हे पुन्हापुन्हा करावं लागतं, घाई चालत नाही.

सर्वांत सखल भाग मी भेंडीसाठी राखून ठेवला नाही. तिथे खारं सोसणारं कोरगूट भात घेतलं. वरच्या अंगाला उंच गादीवाफे केले, शेणखत घातलं आणि सुक्या पानांचं जाड आच्छादन दिलं. उघडी माती उन्हाने सुकली की ओलाव्याबरोबर मीठ वर येतं, म्हणून आच्छादन हवंच. माती तपासून क्षारता, म्हणजे मातीतलं मिठाचं प्रमाण, ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या (क्षारता मोजायचं एकक) बरीच खाली आल्यावरच बी टोकलं. निरोगी झाडांच्या शेंगा आता बियाण्यासाठी झाडावरच वाळवतो.