कपाटातला ऑक्सिमीटर काढा: घरच्या घरी बायोफीडबॅक

रावेरकडचे माझे मामा केळीवाले. भाव पडला की दिवसातून चार वेळा बीपी मोजायचे, आणि दर खेपेला आकडा आधीपेक्षा चढा. "हाई मशीन खोटं बोलस का रे भो?" मला विचारलं. मशीन खरंच बोलत होतं. मामा उन्हातून येऊन, चहाचा कप हातात धरून, पायावर पाय टाकून मोजत होते, आणि आकडा बघून घाबरले की लगेच पुन्हा पट्टा गुंडाळत होते.

शरीराचा आकडा डोळ्यांसमोर ठेवायचा, श्वास किंवा स्नायू जरा बदलून बघायचे, आकडा कुठे सरकतो ते पाहायचं आणि जमलेली युक्ती अंगवळणी पाडायची, याला बायोफीडबॅक म्हणतात. हे नाव अमेरिकेत 1960च्या दशकाच्या अखेरीस पुढे आलं. पण अमळनेरला शिक्षकी केलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, तेच योगक्रिया उपकरणं लावून तपासायला. म्हणून श्वास आणि यंत्र ही जोडी खान्देशाला अगदीच परकी नाही.

सुरुवातीला नवीन काही विकत घेऊ नका. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर बहुतेक घरांत कुठल्या तरी खणात पडलेला असतो. आतले सेल पाझरून हिरवट झाले असतील तर टाका, नवे घाला. बोटाला नेलपॉलिश असेल तर काढा. ऑक्सिजनचा आकडा सोडून द्या, आपल्याला नाडीचा हवा.

चहा, बिडी, तंबाखू यानंतर अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकवून बसा, पाय जमिनीवर, हात मांडीवर, तोंड बंद. पाच मिनिटं काहीच करू नका, मोबाइलही बाजूला ठेवा. मग नाडीचा आकडा वहीत लिहा.

आता नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. अंक साधारण सेकंदाच्या चालीने मोजा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. छाती फुगवू नका, पोट हलू द्या. आकड्याकडे बघत राहा. श्वास घेताना नाडी थोडी वाढते, सोडताना उतरते. हृदयाची ही नेहमीचीच चाल आहे, बिघाड नाही. यंत्र दोन-चार सेकंद मागे असतं, त्यामुळे आकडा तुमच्या श्वासाशी बेताल वाटेल. हळूहळू मधला आकडा खाली येतो. पहिल्या दिवशी मामांचा 92चा 84 झाला आणि ते एवढ्या जोरात "उतरना रे, उतरना!" ओरडले की लगेच परत 90.

हाच यातला मोठा धडा. आकडा ओढून खाली आणायला गेलात की तो चढतो. श्वास सोडणं लांबवा आणि आकड्याकडे नुसतं बघा. चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या, तर तुम्ही फार खोल श्वास घेताय. थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या.

रोज दहा मिनिटं, दोन-तीन आठवडे. मग ऑक्सिमीटरवर रुमाल टाका, आकडा किती असेल ते मनात ठरवा आणि मगच उघडून बघा. अंदाज जुळायला लागला की यंत्राची गरज कमी होते. खरं काम इथेच होतं, आणि बहुतेक लोक त्याआधीच कंटाळतात.

बीपीच्या मशीनचा उपयोग वेगळा. ते श्वासागणिक बघायचं यंत्र नव्हे. सकाळ-संध्याकाळ, लघवीला जाऊन आल्यावर, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि आठवडाभराची सरासरी काढा. ती 135/85 किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरकडे जा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, आकडा कितीही सुंदर आला तरी.

बोटाचं तापमान बघण्याचाही एक प्रकार आहे. ताण सैलावला की बोटांकडे रक्त जास्त येतं आणि ती ऊबदार होतात. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळला हा प्रयोग करू नका. हवाच 44 अंशांना भिडलेली, बोटं ताण असो नसो गरमच. डिसेंबरातल्या थंडीत करा, तेही सुटी वायर असलेल्या डिजिटल थर्मामीटरवर. ताप मोजायच्या थर्मामीटरवर एवढे खालचे आकडे दिसत नाहीत.

मानेच्या-जबड्याच्या स्नायूंना सेन्सर लावून ताणाची डोकेदुखी कमी करायला शिकवतात, पण ते तज्ज्ञाकडेच. बाळंतपणानंतर खोकताना-शिंकताना लघवी निसटणाऱ्या बायकांना ओटीपोटाखालचे स्नायू नेमके कोणते आवळायचे हे सेन्सरवर दिसतं. आपल्याकडे बाया हे दुखणं वर्षानुवर्षं लपवतात. स्त्रीरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला सरळ विचारा.

नाडी अनियमित असेल किंवा पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखत असेल तर श्वास मोजत बसू नका, गाडी काढा.

मामांची थ्री-फेज लाइट अजून रात्रीच येते. मोटर चालू करून ते विहिरीच्या कठड्यावर बसतात, चार आत, सहा बाहेर. ऑक्सिमीटर घरीच असतो.