माळ्यावर खोली काढताय? आधी तुळया बघा

कौलारू घराच्या माळ्यावर झोपायची खोली करायची, तर रंग-फर्निचरचं नंतर. तुळई भिंतीत शिरते तिथे, ओल धरते त्या टोकाला, पेचकस टोचून बघा. भुसभुशीत लागलं की सुताराला बोलवा. सुके नारळ आणि अडगळ पेलणारा माळा पलंग-कपाट पेलेलच असं नाही. आढ्याखाली ७ फूट तरी उंची हवी. आतून छत मारताना कौलांखाली चार बोटं हवा खेळू द्या आणि दोन्ही त्रिकोणी भिंतींना वर जाळीचे झरोके ठेवा, नाहीतर एप्रिलमध्ये दुपारी वर भट्टीच! उजेडाला दोन-तीन काचेची कौलं पुरतात, फक्त पश्चिमेच्या उतारावर नकोत. आणि शिडीवर भागवू नका, कठड्याचा जिनाच करा.