परिषदेला जाताना ४० पुस्तकांची यादी सोबत न्या

शैक्षणिक तंत्रज्ञानाची परिषद पुण्या-मुंबईत असली की साताऱ्या-सांगलीच्या शाळांतून बहुधा संगणक शिक्षकाला पाठवतात. ग्रंथपाल गेलाच, तरी माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन परततो. स्टॉलवर दाखवतात ती पुस्तके नवी, इंग्रजी आणि आयएसबीएन (पुस्तकाचा छापील आंतरराष्ट्रीय क्रमांक) असलेली असतात. त्यावर ग्रंथालयाची कुठलीही संगणक प्रणाली छानच चालते. आपल्या कपाटातल्या पुस्तकांवर ती चालते का, हे पाहायला जायचे असते.

परवानगीचे आधी उरका. १५ दिवस आधी मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. सोबत कार्यक्रमपत्रिका जोडा आणि त्या दिवशी पुस्तकांची देवघेव कोण पाहणार ते लिहा. दिवस ऑन ड्यूटी धरणार की किरकोळ रजा, हे लेखी घ्या. तोंडी ‘जावा की’ महिन्याभराने कुणाला आठवत नाही. शुल्क शाळा देणार असेल तर पावती शाळेच्या नावे मागा, आणि शाळेचा ११ अंकी यूडायस (सरकारी ओळख) क्रमांक लिहून ठेवा.

साताऱ्याहून पहाटेची विनावाहक स्वारगेट बस पुरते, फक्त शनिवार-रविवार असेल तर खंबाटकी घाटासाठी तासभर जादा धरा. सांगलीकरांना मुंबईसाठी महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची. पुण्याला मात्र ती मध्यरात्रीनंतर उतरवते, तेव्हा आदल्या दिवशीच मुक्कामाला गेलेले बरे.

आता यादी. दाखल नोंदवहीतून (ग्रंथालयात आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिथे नोंदतात तिथून) ४० पुस्तके निवडा, आणि मुद्दाम त्रासदायकच निवडा: आयएसबीएन नसलेली १० जुनी मराठी पुस्तके, एकाच पुस्तकाच्या ५ प्रती, खंडांत निघालेला एखादा कोश, देणगीची, गहाळ झालेली, आणि लेखकाचे नाव एकदा आडनाव आधी तर एकदा नंतर असे नोंदलेली. ‘आयएसबीएन टाका, माहिती आपोआप येते’ हे प्रात्यक्षिक पहिल्या १० पुस्तकांवरच अडते.

यादी युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशी हवी. जुनी यादी फॉन्टवर बेतलेल्या टंकलेखनात असेल तर एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाका. मराठीच दिसली तर युनिकोड, अगम्य अक्षरे आली तर आधी रूपांतर करावे लागेल. फाइल ‘यूटीएफ-८ सीएसव्ही’ (मराठी अक्षरे टिकवणारा साध्या तक्त्याचा प्रकार) म्हणून साठवा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. एक्सेलमध्ये आयएसबीएन आणि दाखल क्रमांकाचे रकाने ‘टेक्स्ट’ करायला विसरू नका. नाहीतर आयएसबीएनचे ‘९.७८ई+१२’ होते आणि दाखल क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळतात.

विद्यार्थ्यांची खरी यादी मात्र नेऊ नका. १० काल्पनिक नावे पुरेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो, आणि अनोळखी लॅपटॉपवर वर्गाची यादी उतरवणे तसेही शहाणपणाचे नाही.

स्टॉलवर सांगा, ‘ही यादी तुमच्या प्रणालीत चढवून दाखवा.’ मग ‘दऱ्या’सारखा, यादीतल्या एखाद्या पुस्तकाच्या नावात असलेला शब्द शोधा. यातला ऱ्य एकाहून अधिक पद्धतींनी टंकित होतो. डोळ्याला सारखा दिसतो, संगणकाला वेगळा. नोंद एका पद्धतीने आणि शोध दुसऱ्या पद्धतीने झाला तर पुस्तक असूनही ‘सापडले नाही’ येते. मराठी शोधाची खरी परीक्षा इथेच होते, आणि बहुतेकांनी ती कधी दिलेलीच नसते.

पुढचा प्रश्न: उद्या तुम्हाला सोडले तर माझ्या नोंदी मला कशा मिळतील? मार्क २१ (ग्रंथालयांच्या नोंदींचा प्रमाणित नमुना) किंवा सीएसव्हीमध्ये सगळा साठा बाहेर काढून तिथेच दाखवायला लावा. ‘मागितल्यावर देऊ’ हे उत्तर चालणार नाही. वार्षिक देखभालीचा खर्च दुसऱ्या वर्षापासूनचा विचारा. पहिले वर्ष स्वस्तच असते. कोहासारखी प्रणाली मोफत आहे, पण ती लिनक्सवर चालते. सर्व्हर कोण सांभाळणार याचे उत्तर नसेल तर मोफतपणाचा उपयोग नाही.

आरएफआयडीच्या, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचल्या जाणाऱ्या टॅगच्या मोहात पडू नका. आपली पुस्तके लोखंडी कपाटात असतात, आणि धातूजवळ हे टॅग नीट वाचले जात नाहीत. दोन-तीन हजार पुस्तकांना बारकोड आणि यूएसबी स्कॅनर भागवतो. स्कॅनर संगणकाला कीबोर्डसारखाच वाटतो, वेगळे काही बसवावे लागत नाही. बारकोडच्या प्रकारांतला कोड १२८ घ्या, कोड ३९ पेक्षा पट्टी आखूड होते. त्यात देवनागरी अंक मावत नाहीत, म्हणून दाखल क्रमांक इंग्रजी अंकांत ठेवा. पट्टीवर चकचकीत सेलोटेप लावली की प्रकाश परावर्तित होतो आणि स्कॅनर वाचायला कुरकुरतो.

जेवणाच्या सुट्टीत स्टॉलवर झुंबड असते, चारनंतर आवराआवर. उद्घाटनाची भाषणे चालू असताना जा, तेव्हा माणूस निवांत भेटतो. समांतर सत्रांपैकी दोनच निवडा. संपर्कासाठी शाळेचा ईमेल द्या. स्वतःचा नंबर दिलात तर दिवाळीपर्यंत फोन येत राहतील.

निघताना उपस्थितीचे प्रमाणपत्र हातात घ्या, पुढे ईमेलने येईल या भरवशावर राहू नका. चाचणी खाते मिळाले असेल तर आठवड्याच्या आत तीच ४० पुस्तके शाळेच्या संगणकावर, शाळेच्याच नेटवर चढवून बघा. देवघेवीच्या तासाला ५० मुले रांगेत असताना एका पुस्तकाला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा, आणि तो आकडा मुख्याध्यापकांच्या टिपणीत सगळ्यात वर लिहा.