टू-स्ट्रोक स्कूटर घरी ट्यून करणे: आधी गळती, मग जेटिंग, शेवटी किट

५० सीसीच्या ऑटोमॅटिक स्कूटरला मोठं किट (जास्त सीसीचा सिलिंडर आणि पिस्टन) बसवायचं ठरलं की बहुतेक जण थेट ब्लॉक (सिलिंडर) उघडायला बसतात. हा क्रम उलटा आहे. टू-स्ट्रोक इंजिनाची ताकद आणि आयुष्य एकाच गोष्टीवर अवलंबून असतं: आत येणाऱ्या हवेला पुरेसं पेट्रोल मिळतंय का. तेल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असेल तर मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) झाल्यावर इंजिन जास्त तापतं आणि वंगणही कमी पडतं. लीन इंजिन सुरुवातीला छान पळतं, आवाज मोकळा येतो, रेस पटकन चढते, आणि त्यातूनच लोक फसतात. म्हणून खालचा क्रम मोडू नका, आणि एका वेळी एकच बदल करा.

सुरुवात: आहे ते इंजिन धड आहे का?

जुनं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा शोषतं आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीत कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरट गंज धरतो. जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) तारेने साफ करू नका. पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की जेटवरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. कार्ब क्लीनर आणि दाबाची हवा पुरते.

एअर फिल्टरचा फोम सुटा होऊन चुरा पडत असेल तर बदला. फोम धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टर ऑइल लावून हलकेच पिळा. फिल्टर काढून गाडी चालवणं म्हणजे मिश्रण लीन करणं.

मग काजळी. सायलेन्सर काढा आणि एग्झॉस्ट पोर्टमध्ये टॉर्च मारा. पोर्टच्या कडेला जाड काळा थर असेल तर पिस्टन अगदी वर आणा, म्हणजे त्याचा खालचा घेर पोर्ट झाकेल आणि कचरा आत पडणार नाही. लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीने थर खरवडा. स्क्रू ड्रायव्हर वापरला तर पिस्टनवर ओरखडे पडतात आणि रिंग तिथे अडकते. सायलेन्सरचं तोंड बुजलेलं असेल तर नुसत्या साफसफाईनेही बराच पिकअप परत येतो.

हवेची गळती शोधणं

हे काम कंटाळवाणं आहे, पण किट जाळण्याचं सर्वात नेहमीचं कारण इथेच दडलेलं असतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (पिस्टनखालचा बंद कप्पा) पंपासारखा काम करतो. क्रँकचं ऑइल सील, बेसचं पॅकिंग किंवा रीडखालचं (इनटेकच्या झडपेखालचं) रबर कुठेही चिरलं असेल तर कार्ब्युरेटरला वळसा घालून हवा आत येते. जेट कितीही बदला, मिश्रण एका जागी ठरत नाही.

गळतीची लक्षणं अशी: रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नाही, वर टांगून राहतं. स्लो (रेस न देता चालणं) कधी बरोबर, कधी भरभर. गरम झाल्यावर जास्त त्रास.

तपासायची रीत: एग्झॉस्ट पोर्ट आणि इनटेक दोन्हीवर जाड रबरी तुकडा आणि धातूची पट्टी लावून बोल्टने बंद करा. पिस्टन खाली आणा, म्हणजे सगळे पोर्ट उघडे राहतील. प्लगच्या भोकातून किंवा इनटेकच्या पट्टीत बसवलेल्या नळीतून हातपंपाने ०.३ ते ०.४ बार दाब भरा. ०.५ बारच्या वर जाऊ नका, सील जागेवरून बाहेर ढकललं जाऊ शकतं. पाच मिनिटांत काटा खाली घसरला तर साबणाचं पाणी शिंपडत बुडबुडे शोधा: हेड, बेस, इनटेक, आणि मॅग्नेटो (वीज तयार करणारा भाग) व व्हेरिएटर (बेल्टची पुढची पुली) या दोन्ही बाजूंची सील. पट्टी आणि रबरच्या कडेलाच हवा सुटत नाही ना, हे आधी बघा.

सील बदलताना नव्याच्या ओठाला थोडं तेल किंवा ग्रीस लावा आणि सपाट सॉकेटने ठोकून सरळ बसवा. तिरकं बसलेलं सील नवं असूनही गळतं.

तेलाचं प्रमाण

पेट्रोलमध्ये हाताने तेल घालायचं असेल तर १:५० म्हणजे एका लिटरला २० मिलि, पाच लिटरला १०० मिलि. नव्या किटच्या रनिंग-इनमध्ये (सुरुवातीचे किलोमीटर जपून चालवताना) १:३३, म्हणजे लिटरला ३० मिलि. किटसोबतचा कागद वेगळं सांगत असेल तर तो पाळा. तेल वाढवलं की तेवढ्या मापात पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिश्रण थोडं लीन होतं. ‘जरा जास्तच तेल टाकू, सुरक्षित राहील’ हा विचार म्हणूनच अर्धवट आहे. तेल टू-स्ट्रोकसाठीचंच हवं, फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल इथे चालत नाही.

ऑइल पंप असेल तर नळीत बुडबुडा राहिलेला नाही ना, ते पाहा. नळी काढून जोडली की पंपाच्या स्क्रूमधून हवा काढल्याशिवाय गाडी सुरू करू नका. करावीच लागली तर तेवढ्यापुरतं टाकीतल्या पेट्रोलमध्ये १:५० तेल घाला.

व्हेरिएटर: सर्वात स्वस्त सुधारणा

पॉवर न वाढवताही पिकअप सुधारतो तो इथे. आतले रोलर (वेग वाढला की बाहेर सरकून बेल्ट वर चढवणारी वजनं) हलके केले की इंजिन जास्त आरपीएमवर पळतं, जड केले की कमी. योग्य वजन म्हणजे चढावर आणि सुटताना इंजिन आपल्या जास्तीत जास्त ताकदीच्या आरपीएमवर टिकून राहील असं. इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, तर रोलर फार हलके. सुटताना दबून, घुटमळत चालतंय तर फार जड. सर्व रोलर एकाच मापाचे घेऊन एका वेळी प्रत्येकी अर्धा ग्रॅम बदला. रोलरवर सपाट ठिकाणं झाली असतील तर वजन बरोबर असूनही व्हेरिएटर अडखळतो, ते फेकून द्या. कोरड्या प्रकारच्या व्हेरिएटरमध्ये रोलरना ग्रीस लावायचं नाही. ते फेकलं जाऊन बेल्टवर बसतं आणि बेल्ट घसरतो.

व्हेरिएटर पूर्ण उघडतोय का, हे बघायची सोपी युक्ती आहे. पुलीच्या बाहेरच्या चकतीवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करने रेघ ओढा, फुल वेगाने एक चक्कर मारा, मग झाकण काढा. बेल्टने रेघ जिथपर्यंत पुसली तिथपर्यंतच तो चढतो. कडेला बरंच अंतर उरलं असेल तर रोलर फार हलके असतील, मागची स्प्रिंग फार कडक असेल, किंवा कंपनीने वेग आवरायला बसवलेला वॉशर आत असेल. तो वॉशर काढण्याआधी गाडीची नोंदणी कोणत्या गटात आहे ते पाहा.

नट काढायला पुली धरायचं हत्यार वापरा. प्लगच्या भोकात दोरी कोंबून क्रँक अडवणं चुकीचं, दोरी पोर्टमध्ये शिरते.

परत बसवतानाची चूक फार महागात जाते. मागची पुली हाताने उघडून बेल्ट तिच्या आत खोल दाबा, म्हणजे पुढे बेल्ट सैल होईल. मगच पुढची चकती बसवून नट आवळा. तसं केलं नाही तर बेल्ट दोन चकत्यांमध्ये चिमटला जातो, नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण चकती बुशिंगपर्यंत पोचलेलीच नसते. काही किलोमीटरनंतर नट सैल होतो आणि क्रँकचे दाते झिजून जातात. क्रँक गेला की किटपेक्षा मोठं काम निघतं.

जेटिंग

मोकळा सायलेन्सर, वेगळा फिल्टर, मोठा कार्ब्युरेटर, मोठं किट, यातलं काहीही बदललं की मेन जेट (फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा) पुन्हा ठरवावा लागतो. नेहमी मोठ्या जेटपासून सुरू करा आणि खाली या. लहानापासून वर चढणं म्हणजे प्रत्येक चाचणीत पिस्टन पणाला लावणं.

डेलॉर्टो कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरचा शंभरावा भाग असतो. ८० म्हणजे ०.८० मिमी भोक. ८० वरून ८५ केलं तर क्षेत्रफळ जवळपास १३ टक्क्यांनी वाढतं, तेव्हा पाचची पायरी दिसते तेवढी लहान नाही. सगळ्या कंपन्यांचे आकडे असे नसतात, काही प्रवाहावर आधारलेले असतात. त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कार्बला लावू नका.

इंजिन पूर्ण गरम करा. सपाट रस्त्यावर फुल रेसमध्ये पळवा. इंजिन गुरगुरतं, अडखळत ‘बडबड’ करतं आणि रेस थोडी कमी केल्यावर सुधारतं, तर जेट मोठा आहे. फुल रेसमध्ये पुढे खेचणं थांबतं, रेस किंचित मागे घेतल्यावर किंवा क्षणभर चोक लावल्यावर वेग वाढतो, तर जेट लहान आहे. तिथेच थांबा, पुढे पळवू नका. बरोबर जेट सापडला की एक आकडा मोठा ठेवा. थंडीत हवा दाट होते आणि जास्त पेट्रोल मागते, उन्हाळ्यात बसवलेला जेट तेव्हा लीन पडू शकतो.

प्लग वाचायचा असेल तर नवा प्लग लावा, फुल रेसमध्ये काही शे मीटर जाऊन चालू रेसमध्येच इग्निशन बंद करा आणि थांबून प्लग काढा. स्लोवर घरापर्यंत आलेला प्लग फक्त स्लोबद्दल सांगतो. पोर्सिलीन पांढरंफटक आणि त्यावर बारीक चमकदार कण असतील तर धोका. ते कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात.

स्लोसाठी आधी एअर स्क्रू पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. स्क्रू कार्ब्युरेटरच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवा नियंत्रित करतो, आत फिरवला की मिश्रण रिच (लीनच्या उलट, पेट्रोल जास्त) होतं. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो मिश्रण सोडतो आणि बाहेर फिरवला की रिच होतं. हे उलटं धरून अनेकांचा अख्खा दिवस वाया जातो.

प्लगचा क्रमांकही बदला. एनजीकेमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा): मूळ इंजिनला ८ असेल तर किटवर ९. गॅप ०.६ मिमीच्या आसपास.

किट बसवणं

४० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ३९.२ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) म्हणजे ४९ सीसी. त्याच क्रँकवर ४७ मिमी बोअर म्हणजे ६८ सीसी. याआधी ब्रेक आणि टायर नीट करा. सीसी बदलली की बहुतेक ठिकाणी नोंदणी, लायसन्स आणि विम्याचा गट बदलतो, ती चौकशी काम सुरू करण्याआधी करा.

ब्लॉक उचलताच क्रँककेसचं तोंड स्वच्छ फडक्याने बुजवा. सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी तारेची कडी) आत पडली तर पूर्ण इंजिन सोडावं लागतं. पिस्टनवरचा बाण एग्झॉस्टकडे. सर्क्लिप नव्याच, तोंड वर किंवा खाली, आडवं कधीच नको. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती बोअरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने फट मोजा: ४७ मिमी बोअरला साधारण ०.२ मिमी. कमी असेल तर गरम होऊन रिंगची टोकं एकमेकांना भिडतील.

मग स्क्विश, म्हणजे पिस्टन अगदी वर असताना त्याच्या कडेला हेडपर्यंत उरणारी फट. गजन पिनच्या (पिस्टनच्या आडव्या पिनच्या) रेषेत पिस्टनच्या दोन्ही कडांवर सोल्डरच्या तारेचे तुकडे ग्रीसने चिकटवा, हेड आवळा, हाताने क्रँक एकदा फिरवा आणि चपटलेल्या तारेची जाडी व्हर्नियरने मोजा. पिनच्या रेषेतच का? दुसरीकडे ठेवली तर पिस्टन डोलतो आणि माप चुकतं. रस्त्यावरच्या इंजिनाला ०.८ ते १.० मिमी ठीक. कमी-जास्त असेल तर बेसच्या पॅकिंगची जाडी बदलून जुळवा.

हेडचे एम६ नट तिरप्या क्रमाने, तीन टप्प्यांत १० ते ११ न्यूटन मीटरपर्यंत. मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा वेगळा असेल तर तोच खरा. पहिल्यांदा पाच मिनिटं स्लोवर चालवून पूर्ण थंड होऊ द्या, असं तीनदा. त्यानंतर थंड इंजिनावर नट पुन्हा तपासा. पहिले ५०० किमी सलग फुल रेस नाही, मेन जेट दोन-तीन आकडे मोठा. लांब उतारावर रेस पूर्ण बंद ठेवून उतरू नका, पेट्रोल थांबलं की त्यातलं तेलही थांबतं. अधूनमधून रेस द्या.

जाम झालंच तर पिस्टन वाचा

चारही कोपऱ्यांत उभे ओरखडे: थंड इंजिन लगेच ताणलं, किंवा पिस्टन-बोअरची फट कमी. फक्त एग्झॉस्टच्या बाजूला: लीन मिश्रण, गळती किंवा तेलाचा अभाव. पिस्टनच्या माथ्यावर मध्ये भोक किंवा वितळलेला खड्डा: फार गरम प्लग, इग्निशन फार पुढे (ठिणगी फार लवकर), किंवा लीन मिश्रण. सगळीकडे बारीक चरे: फिल्टरमधून धूळ आत गेली. यातलं कारण सापडेपर्यंत नवा पिस्टन बसवू नका, आणि एग्झॉस्टच्या बाजूचे ओरखडे दिसले तर जेट बदलण्याआधी दाबाची चाचणी पुन्हा करा.